साक्षीची रेघ

१

जजसाहेबांची गाडी मंगळवारी सकाळी कारखान्याच्या उतारावर भिंतीला धडकली आणि गुरुवारी दुपारी जजसाहेबांनी प्राण सोडला.

शुक्रवारी सकाळी वस्तादांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि चालत पोलीस ठाणं गाठलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"त्या गाडीच्या ब्रेकचं काम माझं," त्यांनी सांगितलं. "माझा हात चुकला असणार. लिहून घ्या."

लिहून घेतलं गेलं. आयता कबुलीजबाब कोणाला नको असतो? गाडी बघायला आलेल्या तपासनिसाने पुढचे चेपलेले पाइप पाहून "ब्रेक आधी गेले की धडकेत, सांगता येत नाही" असा शेरा मारलाच होता. त्याखाली वस्तादांची सही आली आणि कागद मिटले. म्हातारा माणूस, नकळत झालेली चूक, मरणाऱ्याच्या घरच्यांची तक्रार नाही. सगळे सुटले.

सुटले नाहीत ते वस्ताद. घरी येऊन त्यांनी हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे टाकली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. एक्कावन्न वर्षं ज्या हातांतून पाना सुटला नाही, ते हात मांडीवर थरथरत पडून असत. ताटातलं अर्धं ताटातच राही.

त्यांची मुलगी हे रोज बघत होती. चाळिशीला टेकलेली, बापाच्याच हाताखाली तयार झालेली. गिऱ्हाइकं तिला आधी थट्टेने 'धाकट्या वस्ताद' म्हणायची. पुढे थट्टा गळून पडली आणि नाव तेवढं राहिलं. बापाचा कबुलीजबाब तिला पटला नव्हता, पण तो खोडून काढायला हाताशी काही नव्हतं. हे असंच चाललं तर हा माणूस वर्ष काढणार नाही, हे मात्र तिला स्वच्छ दिसत होतं.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी, जजसाहेबांच्या पत्नीने तिला बोलावणं पाठवलं. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. पुस्तकांच्या कपाटांमध्ये त्या ताठ बसल्या होत्या.

"बेचाळीस वर्षं मी जजच्या घरात काढली," त्या म्हणाल्या. "कबुलीजबाब आणि पुरावा यांतला फरक मला कळतो. तुझ्या वडिलांनी 'चुकला असणार' असं सांगितलंय. असणार म्हणजे काय? मला नक्की काय झालं ते हवंय. गाडी शेडमध्ये आहे, तशीच. तू शोधून काढ."

"माझ्या बाबांचीच चूक निघाली तर?"

"तर तसं येऊन सांगायचं. दुसऱ्या कोणाची निघाली तरी येऊन सांगायचं. आधी मला, मग बाकीच्यांना. देतेस शब्द?"

तिने शब्द दिला. तेवढ्यात दारातून आवाज आला. जजसाहेबांचा पुतण्या चौकटीला टेकून सगळं ऐकत उभा होता.

"काकू, आता कसली चौकशी? सोमवारी भंगारवाला येतोय. त्याला मी सांगून ठेवलंय."

"सोमवारला चार दिवस आहेत," बाईसाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

एरवी गाडीला खरचटलं तरी हळहळणाऱ्या या माणसाला आज एवढी कसली घाई, हा प्रश्न मनात घेऊनच ती उठली.

२

शेडमध्ये शिरण्याआधी ती कारखान्याच्या उतारावर जाऊन आली. उताराच्या तळाशी फाटक. त्या मंगळवारी नऊ वाजता फाटकातून पाळी सुटलेली माणसं बाहेर पडत होती. जजसाहेबांनी गाडी त्यांच्या अंगावर जाऊ दिली नाही. डावीकडे वळवून भिंतीवर घातली. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा बायकोला एवढंच म्हणाले, "पेडल थेट तळाला गेलं गं."

भिंतीच्या पायथ्याला काळेपिवळे पट्टे रंगवलेले होते. ती उकिडवी बसली आणि त्यांच्यावरून तळहात फिरवला. ब्रेक ऑइल रंगाचं वैरी. सांडलं की रंग फुगतो आणि पापुद्रे निघतात. भरलेले पाइप इथे तुटले असते तर पट्ट्यांची पार वाट लागली असती. पट्टे जसेच्या तसे होते. म्हणजे गाडी भिंतीपाशी आली तेव्हा पाइपांत तेल नव्हतंच, ते आधीच कुठेतरी गळून गेलं होतं. पहिलाच पुरावा बापाच्या विरुद्ध गेला.

शेडमध्ये ती हिरवी, गोल पाठीची, साठ वर्षांची गाडी तोंड चेपून उभी होती. असल्या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारं सिलिंडर एकच. एका जागी गळती लागली की चारही ब्रेक जातात. ते सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली असतं; तेल ओतायचं तर पत्र्यातलं चार स्क्रूंचं छोटं झाकण उघडावं लागतं.

साडेतीन महिन्यांपूर्वी तिथला तांब्याचा पाइप वस्तादांनी नवा घातला होता. त्यांच्या कामाची एक रीत होती. नट आवळला की बारीक कुंचल्याने नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट केसभर हलला तरी रेघ तुटते. जजसाहेबांना ही रीत फार आवडे. "काय वस्ताद, तुमचा साक्षीदार फुटत नाही ना?" असं ते दर खेपेला विचारत, आणि वस्ताद दर खेपेला म्हणत, "मुका आहे साहेब. त्याला कोण फितवणार?"

चार वर्षांपूर्वी वस्तादांच्या हातांना कंप सुरू झाला. गुडघे त्याआधीच गेले होते. गाडीखालच्या खड्ड्यात उतरणं त्यांनी तेव्हाच सोडलं होतं. वरून होणारं काम ते करत, खालचं मुलगी करी. पाना हातात आला की कंप थांबतो, असं ते म्हणत आणि ते खोटं नव्हतं. पण लोकांची तोंडं कोण धरणार? वस्ताद आता थकले, गाडी दुसरीकडे द्या, अशी कुजबुज सुरू झाली होती. म्हणून संध्याकाळी वस्ताद कोपऱ्यावर चहाला गेले की मुलगी खड्ड्यात उतरे आणि त्यांच्या प्रत्येक नटाला एकदा पाना लावून खात्री करून घेई. त्यांना कळू न देता. बापाकडे कोणी बोट दाखवू नये, एवढाच तिचा जीव.

गुडघ्यांवर बसून तिने फरशीचा गालिचा दुमडला आणि तिथेच थांबली. आजूबाजूचे सगळे स्क्रू गंजलेले होते. झाकणाच्या चार स्क्रूंच्या खाचा मात्र चकचकत होत्या. कोणीतरी हे झाकण पुन्हा पुन्हा उघडलं होतं.

झाकण काढल्यावर सिलिंडर दिसलं. आतलं तेल तळाला गेलेलं. पाइपाचा नट मागच्या अंगाला होता, तिथे सरळ नजर पोचत नव्हती. तिने छोटा आरसा आत धरला आणि बॅटरीचा उजेड पाडला.

बापाची पिवळी रेघ तिथे होती, पण दुभंगलेली. नटावरचा तुकडा अर्ध्या नखाएवढा बाजूला सरकला होता. सैल व्हायच्या बाजूला.

वस्तादांनी नट आवळला होता, रेघ ओढली होती, आणि नंतर कोणीतरी तो फिरवला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सुटकेचं होतं, हे तिने स्वतःशी कबूल केलं.

३

शुक्रवारी सकाळी पुतण्याला तिने त्याच्या ऑफिसात गाठलं. बोलण्यात गुळगुळीत माणूस. समोर बसायला सांगून तो स्वतः उभा राहिला.

"गाडी विकायला तुम्ही मागे लागला होतात म्हणे," तिने सरळच विचारलं.

"होतो ना! जुन्या गाड्यांचे शौकीन असतात, त्यांना दाखवलीही होती. काका तयारच होत नव्हते. यात गुन्हा कुठला?"

"आणि आता भंगारात द्यायची एवढी घाई?"

त्याचा गुळगुळीतपणा उतरला. तो खुर्चीत बसला. "काकू रोज सकाळी शेडमध्ये जाऊन त्या गाडीशेजारी उभी राहते," तो म्हणाला. "काही बोलत नाही, नुसती उभी राहते. मला ते बघवत नाही, म्हणून घाई. पटत नसेल तर सोडून द्या."

तिला पटलं, पण ते तिने दाखवलं नाही. "फरशीचं झाकण तुम्ही कधी उघडलंत?"

"मी? अहो, मला बॉनेट उघडता येत नाही. मी फक्त एकदा गाडीच्या पोटाला काळा थर मारून घेतला. गंज लागू नये म्हणून मारतात तो. तुमच्याकडून ब्रेकचं काम झालं ना, त्याच्या दुसऱ्या सकाळी काकांचा ड्रायव्हर गाडी थेट रंगकामाच्या गॅरेजात घेऊन गेला. खालून कशी काळीभोर, तुकतुकीत दिसत होती. गिऱ्हाईक वाकून बघतं हो, खालून."

ती उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा त्याने मागून हाक मारली.

"ते झाकण म्हणताय ना, ते काकांच्या ड्रायव्हरला विचारा. दर शनिवारी, काका वाचत बसले की तो गाडीत डोकं खाली घालून काहीतरी करत असायचा. मला बघितलं की गालिचा सारखा करायचा."

४

ड्रायव्हरकाका एका खोलीत एकटेच राहत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डोळ्यावर हिरवा चष्मा. तिचा आवाज ऐकून ते उठायला लागले, तिने त्यांना बसवलं. वस्तादांचे ते तीस वर्षांचे दोस्त. लहानपणी तिला गाडीतून शाळेत सोडणारे.

"काका, झाकण तुम्ही उघडत होतात?"

 हात लांब करून त्यांनी खाटेखालून एक बाटली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. ब्रेक ऑइलची, तळाला बोटभर राहिलेली.

"दर शनिवारी घालत होतो," ते म्हणाले. "काम झाल्यावर पंधरा दिवसांनी पाहिलं, तर पातळी उतरलेली. म्हटलं, नवीन काम आहे, मुरेल. नाही मुरलं. दर आठवड्याला बोट-दीड बोट कमी. खाली बघावं तर जमिनीवर टिपूस नाही. मला काही कळेना. मी आपला भरत राहिलो."

"पण सांगितलं का नाही? मला तरी?"

"काय सांगू? साहेबांचे दोस्त आधीच कान भरत होते, वस्तादांचे हात कापतात, गाडी दुसरीकडे द्या. साहेब ऐकत नव्हते. गळतं म्हणून मी तोंड उघडलं असतं, की गाडी गेली असती दुसरीकडे, आणि तुझ्या बापाच्या नावाची बदनामी सगळीकडे. मला वाटलं, मी डोळ्यांत तेल घालून बघतोय ना, मग काय होतंय?" त्यांनी चष्म्याला हात लावला. "आणि मग डोळ्यांचीच तारीख आली. दोन शनिवार चुकले. साहेबांना म्हटलं होतं, मी येईपर्यंत गाडी काढू नका. ते कसले ऐकतात!"

त्यांना रडायची मनाई होती, डॉक्टरांनी बजावलं होतं. ते न रडण्याची पराकाष्ठा करत होते, आणि ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

"नट तुम्ही फिरवलात का, काका? रेघ तुटलीय."

"आईशपथ नाही. वस्तादांच्या रेघेला मी हात लावीन? मी फक्त तेल ओतलं." मग ते पुढे झुकले. "पोरी, माझ्यावर घाल. काकाने लपवलं म्हणून झालं, एवढंच सांग. खोटं नाही ते. आणि तुझा बाप उठून बसेल."

ती बाटली घेऊन उठली. पुतण्याने नाही, काकांनी नाही. मग नट फिरवला कोणी? आणि दर आठवड्याला बोट-दीड बोट तेल जमिनीवर थेंबही न पाडता गेलं कुठे?

५

दुपारी तिने शेडमध्ये मांडणी केली. पुढचे चेपलेले पाइप टोपणं घालून बंद केले. सिलिंडर तेलाने काठोकाठ भरलं, पाइपांतली हवा काढली. गाडीखाली पुठ्ठ्यावर पांढरे कागद अंथरले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ब्रेकचं पेडल दाबलं आणि ते तसंच राहावं म्हणून पेडल आणि सीट यांच्यामध्ये लाकडी दांडकं ठोकून बसवलं. शेडला कडी लावली.

शनिवारी सकाळी ती आली तेव्हा बाईसाहेब आधीच तिथे उभ्या होत्या, पुतण्या म्हणाला होता तशाच.

दांडकं सैल होऊन खाली पडलेलं होतं. पेडल खाली गेलं होतं. सिलिंडरमधलं तेल दोन बोटं उतरलेलं होतं. आणि गाडीखालचे सगळे कागद कोरे, कोरडे.

"चाकांत गेलं असेल," बाईसाहेब म्हणाल्या. इतकी वर्षं गाडीचं ऐकून ऐकून त्यांनाही थोडंफार कळत होतं.

मागच्या दोन्ही चाकांची झाकणं तिने उघडली. आत कोरडी धूळ. मग ती गाडीखाली सरपटत शिरली आणि उताणी पडून त्या काळ्याभोर पोटाकडे बघत राहिली. पाइप सिलिंडरपासून निघून थोडा खाली उतरत गाडीच्या सांगाड्याच्या पोकळ पोलादी तुळईत शिरत होता आणि तिच्यातून मागे जात होता. असल्या तुळईला तळाशी भोकं ठेवलेली असतात, आत पाणी साचू नये म्हणून. तिने बोटांनी चाचपलं. भोकं सापडेनात. वरून काळ्या थराची सलग, गुळगुळीत कातडी होती.

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, अंदाजाने एका जागी टोक ठेवलं आणि मुठीने ठोकलं.

काळपट तेलाची धार तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. ती बाजूला झाली तरी धार थांबेना. पांढऱ्या कागदावर डाग पसरत गेला. साडेतीन महिन्यांचं तेल, पाइपाच्या अंगावरून ओघळत तुळईत जमत गेलेलं. खालून गाडी तुकतुकीत दिसावी म्हणून मारलेल्या थराने त्याची बाहेरची वाट बुजवली होती.

बाईसाहेब मागे सरल्या नाहीत. त्यांच्या चपलेपर्यंत तेल आलं.

"कुठून गळलं ते कळलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता कोणामुळे?"

६

त्या प्रश्नाचं उत्तर नटापाशी होतं. तो गाडीत असताना सोडवायचा नाही, असं तिने ठरवलं. पुरावा जसा आहे तसाच बाहेर यायला हवा होता. तिने नटापासून वीतभर अंतरावर पाइप कापला आणि सिलिंडर नटासकट काढून आपल्या गॅरेजमधल्या बाकावर आणलं. आता आरशाची गरज नव्हती. पिवळी रेघ तिच्या डोळ्यांसमोर होती.

नट सैल व्हायच्या बाजूला सरकलेलाच नव्हता. तो घट्ट व्हायच्या बाजूला सरकला होता.

आरसा उलटं दाखवतो हे तिला काय नवीन होतं? रोज आरसा धरूनच ती काम करते. पण त्या दिवशी तिला दोषी हवा होता, बापाच्या बाहेरचा. आणि आरशाने तो दाखवला, तिने घेतला.

म्हणजे सैल करून कोणी घातपात केला नव्हता. कोणीतरी नट आणखी आवळला होता. नट सगळ्या बाजूंनी नीट पाहून घेतल्यावरच तिने तो सोडवला, पाइपावर मागे सरकवून पाइपाचं तोंड धुतलं आणि भिंग धरलं. नटाच्या कवेत बसण्यासाठी पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं फुलवतात. त्या फुलवलेल्या काठावर केसाएवढी चीर होती. तांबं मऊ. प्रमाणाबाहेर आवळलं की असंच फाटतं, आणि फाटतानाचा आवाजही होत नाही.

ती एकेक गोष्ट ओळीने मांडत गेली. सोडवण्याआधी नटाच्या खालच्या अंगावर काळा थर होता, आणि नट व पाइप यांच्या सांध्यावरून तो अखंड गेला होता. कुठे तडा नव्हता. थर वाळल्यावर नट फिरला असता तर तिथे तडा पडला असता. म्हणजे नट थर मारायच्या आधी फिरला. वस्तादांची रेघ त्याच्याही आधीची. काम संपल्याच्या दुसऱ्या सकाळी गाडी इथून निघून थेट थर मारायला गेली. मधल्या वेळात ती कुठे होती? इथेच. या खड्ड्यावर.

रॉकेलच्या बोळ्याने तिने नटावरचा थर पुसला. खालच्या कडांवर पान्याचे व्रण होते, खालून लावलेल्या पान्याचे. वस्ताद वरून काम करतात. वस्ताद चार वर्षांत खड्ड्यात उतरलेले नाहीत. आणि व्रणाच्या मध्यभागी एक बारीक उंचवटा होता, कारण त्या पान्याच्या जबड्यात एक खाच पडलेली होती.

ती उठली, भिंतीवरचा लांब दांड्याचा पाना काढला आणि नटावर धरला. जबड्यातली खाच व्रणावर चपखल बसली. पाना तिचाच होता.

तिला ती संध्याकाळ आठवेना, तशा कितीतरी संध्याकाळी होत्या. बाबा चहाला गेलेले, ती खड्ड्यात, हात डोक्याच्या वर. 'नुसती खात्री' म्हणून दिलेला एक हिसका. त्या हिसक्याला तिने कधी काम म्हणून धरलंच नव्हतं, म्हणून इतके दिवस संशयितांमध्ये स्वतःला धरलं नव्हतं.

खड्ड्याच्या काठावर ती बसून राहिली. काकांचं बोलणं आठवलं: माझ्यावर घाल. बाबांनी तर सही करून सगळं अंगावर घेतलंच होतं. ती गप्प बसली असती तरी कोणी विचारायला येणार नव्हतं. तिला गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

७

रविवारी सकाळी तिने सिलिंडर आणि पाना बाईसाहेबांच्या मेजावर ठेवला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चीर, रेघ, थर, खाच. शेवटी म्हणाली, "बाबांचा हात बरोबर होता. माझा चुकला."



"मी तुला माफ केलं असं आज म्हणता येणार नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "ते खोटं होईल."

"मी मागितलीही नाही."

"ऐकून घे. अपघाताच्या आदल्या दिवशी हे मला म्हणाले, पेडल जरा खाली जातंय. मी म्हटलं, वस्तादांना बोलवा. तर म्हणाले, नको, मनाला लावून घेतील, ड्रायव्हर आला की बघू. आणि मी गप्प बसले." त्यांनी पान्याच्या खाचेवर बोट ठेवलं. "तू, ड्रायव्हर, हे, मी. चौघांनी एका माणसाला जपलं, आणि त्याला कोणी काही विचारलं नाही. गाडी भंगारात जाणार नाही. पत्र्याचं राहू दे, पण ही गळती काढ. आणि काढायला वडिलांना घेऊन ये."

घरी येऊन तिने पाइपाचं तोंड वस्तादांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटून फुलवलेल्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं. चिरेपाशी नख अडलं.

ती सांगत होती, ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लांब पान्याने?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"चार वर्षं."

"सगळ्या गाड्या?"

"वरून केलेल्या सगळ्या."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मारायला हवं होतं असं तिला वाटलं. त्यापेक्षा ते सोसलं असतं.

"म्हणजे चार वर्षं तुला माझं काम पटलंच नाही," ते म्हणाले. "आणि मी रोज चहा पीत बसलो."

"बाबा..."

"थांब." हात थरथरत होते, पण आवाज नाही. "त्या सगळ्या गाड्यांची नावं काढ. एकूण एक. सगळ्या बोलवायच्या, सगळ्यांचे तांब्याचे पाइप उघडून बघायचे. उद्यापासून. आणि ठाण्यात जाऊन माझा जबाब बदलायचा, तू बरोबर यायचंस." ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. "घड्याळामागची किल्ली दे."

सोमवारी शेडमध्ये वस्तादांनी नवा पाइप कापला. साच्यात धरून त्याचं तोंड फुलवलं, उजेडात फिरवून पाहिलं, मनाजोगतं झालं नाही म्हणून पुन्हा कापून पुन्हा फुलवलं. बाईसाहेब दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. सिलिंडर जागेवर गेलं. मग वस्तादांनी आखूड पाना मुलीच्या हातात दिला.

"तू आवळ."

तिने आवळला. नट बसला, तांबं तटलं, आणि तिच्या मनगटात तो नेहमीचा हिसका तयार झाला.

"बस," वस्ताद म्हणाले.

तिने हात काढला. त्यांनी कुंचला पिवळ्या रंगात बुडवला आणि रेघ ओढली. कुंचल्याने कंप थांबत नाही. रेघ वाकडीतिकडी आली, पण नटावरून लोखंडापर्यंत सलग गेली. तेल भरून झालं, पेडलला दांडकं लागलं, कोरे कागद अंथरले गेले. या वेळी तुळईची भोकं मोकळी होती.

वस्तादांनी हात पुसले. "संध्याकाळी कागद बघू," ते म्हणाले. दारापाशी थांबून त्यांनी मुलीकडे पाहिलं. "मी चहाला जाऊन येतो."

बाईसाहेबही त्यांच्यामागून उठून गेल्या. शेडमध्ये ती, गाडी आणि बाकावरचा पाना एवढंच राहिलं. रेघ अजून ओली होती. तिने दोन्ही हात मांडीत धरले, आणि बाबा परत येईपर्यंत ती जागची हलली नाही.